पावणेदोन हात काळीची किंमत

पुणे जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, भीमा आणि नीरा या नद्यांच्या बेचक्यात इंदापूर तालुका आहे. सह्याद्री ओलांडून आलेले ढग इथे पोचेपर्यंत बरेचसे रिते झालेले असतात. १८३०च्या दशकात या तालुक्याची अवस्था बिकट होती. जमिनी पडीक होत्या, सरकारी बाकी वाढत चालली होती आणि अनेक कुणबी घरदार सोडून शेजारच्या संस्थानी मुलखात निघून जात होते. पाऊस दगा देत होताच, पण लोकांना उठवून लावणारे मुख्य कारण कंपनी सरकारचा नवा सारा हे होते. हा सारा लहरीने ठरवलेला नव्हता. त्यामागे त्या काळचे सर्वांत अद्ययावत अर्थशास्त्र होते, पद्धतशीर मोजणी होती आणि पानोपानी हिशोब होते. चूक झाली होती ती कशावरून काय ठरवायचे, या निवडीत.

हा प्रश्न गणितातल्या एका मूलभूत कल्पनेचा आहे. एक राशी आपण निवडतो किंवा मोजतो, तिला स्वतंत्र चल म्हणतात. तिच्या किमतीनुसार दुसरी राशी ठरते, ती अवलंबी चल. शाळेत हे x आणि y या अक्षरांनी शिकवले जाते आणि आलेख काढताना पहिले आडव्या अक्षावर, दुसरे उभ्या अक्षावर मांडायचे एवढेच बहुतेकांच्या लक्षात राहते. मुंबई इलाख्यातल्या जमीन आकारणीचा इतिहास पाहिला, की आडव्या अक्षावर काय मांडायचे या निर्णयावर हजारो घरांची चूल कशी अवलंबून असू शकते, ते दिसते.

पेशवाई १८१८मध्ये संपली. जमिनीची मोजणी आणि प्रतवारी मराठी मुलखाला नवी नव्हती. शिवकाळात अण्णाजी दत्तो यांनी काठीने जमीन मोजून, तिचा कस पाहून धारा बांधला होता. पेशव्यांच्या काळात ‘कमाल’ आकारणी झाली. कंपनीच्या अधिकाऱ्यांना मात्र जुन्या दफ्तरांतले आकडे परस्परविरोधी वाटत होते, आणि त्यांना एका तत्त्वावर उभी असलेली आकारणी हवी होती. हे काम रॉबर्ट कीथ प्रिंगल या तरुण मुलकी अधिकाऱ्याकडे आले. प्रिंगल इंग्लंडमधल्या हेलीबरी कॉलेजात शिकलेले होते. कंपनीचे अधिकारी घडवणाऱ्या या कॉलेजात तेव्हा थॉमस माल्थस शिकवत असत. डेव्हिड रिकार्डो यांचा खंडाचा सिद्धांतही तेव्हा ताजा होता, त्यांचा मुख्य ग्रंथ १८१७चा. जमिनीच्या एकूण उत्पन्नातून लागवडीचा सगळा खर्च वजा केल्यावर जे उरते, तोच जमिनीचा खरा खंड, आणि सरकारने आपला वाटा त्यातूनच घ्यावा, असा विचार त्यातून आला होता. प्रिंगल यांनी सरकारचा वाटा या निव्वळ उत्पन्नाच्या ५५ टक्के ठरवला.

कागदावर ही योजना न्याय्य दिसते. खर्च भागल्यावर जे उरेल त्याचा हिस्सा मागण्यात गैर काय? अडचण अशी, की निव्वळ उत्पन्न शेतात कुठेच दिसत नाही. ज्वारीची कणसे दिसतात, बैल दिसतात, बियाणे आणि मजुरी दिसते. पण या सगळ्याची बेरीज-वजाबाकी होऊन येणारा आकडा स्वतःच अनेक गोष्टींवर अवलंबून असतो. पाऊस किती झाला, बाजारात भाव काय होता, घरातली किती माणसे राबली, बैल स्वतःचे होते की भाड्याचे, यांतले काहीही बदलले तरी तो आकडा बदलतो. प्रिंगल यांनी मुळात अवलंबी असलेली राशी स्वतंत्र चल म्हणून वापरली आणि तिच्यावर साऱ्याची इमारत उभी केली.

वजाबाकीत चूक कशी फुगते ते एका छोट्या उदाहरणातून कळेल. समजा, एका शेताचे एकूण उत्पन्न २० रुपये धरले आणि त्यात २ रुपयांपर्यंत इकडेतिकडे होऊ शकते. खर्च १५ रुपये धरला, त्यातही २ रुपयांची चूक शक्य आहे. दोन्ही अंदाज तसे बरे आहेत. पण निव्वळ उत्पन्न म्हणून जे ५ रुपये हाती लागतात, ते प्रत्यक्षात १ रुपया असू शकतात किंवा ९ रुपये. ज्याच्या हाती खरोखर १ रुपया उरला, त्याच्याकडून ५ रुपयांच्या हिशोबाने ५५ टक्के, म्हणजे पावणेतीन रुपये मागितले, तर तो कर्ज काढतो किंवा गाव सोडतो. प्रिंगल यांचे अंदाज तर याहून ढोबळ होते. शेकडो गावांतली माहिती हाताखालच्या कारकुनांनी गोळा केली होती, आणि तिच्यात अज्ञान, घाई आणि लाचलुचपत यांची भर पडली होती. पावसाची वर्षेही वाईट निघाली. इंदापूर कोलमडले.

१८३५मध्ये हेन्री गोल्डस्मिड हे मुलकी अधिकारी या तालुक्याच्या दुरुस्तीसाठी आले. मुंबईच्या इंजिनिअर दलातले लेफ्टनंट जॉर्ज विंगेट त्यांच्या जोडीला होते. दोघेही १८१२ साली जन्मलेले, म्हणजे जेमतेम तेविशीचे. त्यांनी निव्वळ उत्पन्नाचा पाठलाग सोडून दिला आणि वेगळा प्रश्न विचारला. शेतात उभे राहून, हाताने आणि डोळ्यांनी, दोन वेगवेगळ्या माणसांना सारखेच उत्तर मिळेल असे काय मोजता येईल?

उत्तर पायाखाली होते. मातीची खोली मोजता येते. मातीचा रंग आणि पोत पाहता येतो. चुनखडी आहे का, जमीन उताराची आहे का, तिच्यात पाणी साठते का, हे कोणालाही दाखवता येते. कोरडवाहू शेतात पीक मुख्यतः मातीत मुरलेल्या ओलीवर तगते, आणि ओल धरून ठेवण्याची ताकद माती किती खोल आणि किती बारीक आहे यावर ठरते. म्हणजे कार्यकारणाचा धागाही पक्का होता.

मग कोष्टक तयार झाले. पुढे १८४७च्या संयुक्त अहवालात ते नियम म्हणून आले आणि बहुतेक मुंबई इलाख्यात पसरले. मातीचे तीन वर्ग केले गेले. पहिल्या वर्गात गडद काळ्यापासून गर्द तपकिरीपर्यंतची, एकसारख्या बारीक पोताची माती. दुसऱ्यात तशीच एकसारखी पण थोडी भरड, रंगाने फिकट, बहुधा तांबूस. तिसऱ्यात खडीमिश्रित किंवा भुसभुशीत, फिकट तपकिरी ते करडी. खोली ‘हात’ या मापाने मोजायची आणि जमिनीची सापेक्ष किंमत आण्यांत मांडायची. सर्वोत्तम जमीन सोळा आणे.

पहिल्या वर्गाची माती पावणेदोन हात खोल असेल तर सोळा आणे, दीड हात असेल तर चौदा. सव्वा हाताला बारा, एक हाताला दहा, पाऊण हाताला आठ, अर्ध्या हाताला सहा आणि पाव हाताला साडेचार. दुसऱ्या वर्गाची माती त्याच खोलीला एक पायरी खाली. पावणेदोन हाताला चौदा आणे, दीड हाताला बारा, असे उतरत पाव हाताला तीन. तिसरा वर्ग आणखी एक पायरी खाली. तो एक हात खोलीपासून सुरू होतो, सहा आण्यांवर, आणि पाव हाताला दोन आण्यांवर संपतो. सगळ्या मिळून नऊ प्रती.

कोष्टकाकडे गणिताच्या नजरेने पाहिले तर पुष्कळ काही सापडते. पहिल्या वर्गात पावणेदोन हातांपासून अर्ध्या हातापर्यंत खोली दर पाव हाताने घटली, की किंमत बरोबर दोन आण्यांनी घटते. आलेख काढला तर सरळ रेषा येते. खोलीला आठाने गुणा आणि दोन मिळवा, आणे मिळतात. पण पाव हाताशी येताच रेषा वाकते. सूत्राप्रमाणे चार आणे यायला हवेत, कोष्टक साडेचार देते. खालच्या प्रतींत उतार आणखी मंद होत जातो, साडेचारनंतर तीन आणि तीननंतर दोन. शिवाय सूत्र आंधळेपणाने पुढे ओढले, तर माती अजिबात नसलेल्या उघड्या खडकालाही ते दोन आणे किंमत देईल. वरच्या टोकालाही मर्यादा आहे. पावणेदोन हातांपलीकडे माती कितीही खोल असली तरी सोळा आण्यांच्या वर काही मिळत नाही, कारण त्यापुढे खोलीने सुपीकता वाढत नाही असे मोजणी खात्याने धरले होते. स्वतंत्र चल कोणत्या मर्यादेत फिरू शकतो हे ठरवल्याशिवाय नाते पूर्ण होत नाही, आणि कोष्टकाने ती मर्यादा दोन्ही टोकांना आखलेली आहे.

याच सुमारास, १८३७मध्ये, बर्लिनमध्ये योहान पेटर गुस्टाफ लजन दिरिख्ले या गणितज्ञाने ‘फल’ या संकल्पनेची व्याख्या नव्या ढंगाने मांडली. त्याआधी ऑयलरच्या १७४८च्या ग्रंथापासून फल म्हणजे चल आणि स्थिरांक यांपासून बनलेले सूत्र, असा समज रूढ होता. दिरिख्ले यांचे म्हणणे असे, की x च्या प्रत्येक किमतीला y ची एकच निश्चित किंमत मिळत असेल तर ते पुरे आहे. ते नाते सगळीकडे एकाच नियमाने चालले पाहिजे किंवा सूत्रात बसले पाहिजे, अशी गरज नाही. इंदापूरचा आणि बर्लिनचा एकमेकांशी काहीही संबंध नव्हता. पण आण्यांचे कोष्टक या व्याख्येत नेमके बसते. ते एका सूत्रात मावत नाही, तरी मातीचा वर्ग आणि खोली सांगितली की उत्तर एकच येते. इथे स्वतंत्र चल एक नसून दोन आहेत, आणि तिसऱ्याची भर पुढे पडते.

तिसरी गोष्ट म्हणजे जमिनीतले दोष. चुनखडीचे खडे, वाळूची भेसळ, उतार, मातीत चिकटपणा नसणे, पाणी मुरू न देणारा थर, ओढ्याच्या पाण्याने वाहून जाण्याचा धोका आणि पृष्ठभागावरच्या झऱ्यांमुळे राहणारी जादा ओल, असे सात दोष धरले होते. प्रत्येकाला एक ठरावीक खूण. एक दोष असेल तर जमीन एक प्रत खाली, दोन असतील तर दोन.

प्रतबंदीसाठी आलेला कामगार शेताचा कच्चा नकाशा काढी, त्याचे सारखे भाग पाडी आणि प्रत्येक भागात जमीन खणून खोली पाही. चौकोनात मातीचा वर्ग, खोली आणि दोषांच्या खुणा नोंदवी. समजा, एका शेताच्या सहा भागांना बारा, दहा, दहा, आठ, आठ आणि सहा आणे मिळाले. बेरीज चौपन्न, सहाने भागले की नऊ आणे, ही त्या शेताची सरासरी. त्या गावाचा सर्वोच्च दर एकरी एक रुपया असेल, तर या शेताचा दर एकरी नऊ आणे. क्षेत्र साखळीने मोजलेले असे. ३३ फुटांची साखळी, ३३ फूट चौरस म्हणजे एक गुंठा आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. दर आणि क्षेत्र यांचा गुणाकार म्हणजे शेताचा ‘आकार’, म्हणजेच सारा. वरचे अधिकारी मधूनच काही शेतांची प्रतबंदी पुन्हा करून पडताळा घेत. निव्वळ उत्पन्नाचा असा पडताळा घेणे कोणालाच जमले नसते.

एवढे झाल्यावरही एक मोठा प्रश्न उरत होता. सोळा आण्यांना किती रुपये म्हणायचे? माती फक्त शेताशेतांमधला फरक सांगते. पुण्याजवळचे सोळा आणे आणि भीमेकाठचे सोळा आणे यांत फरक करायला हवा. म्हणून गावांचे गट पाडून प्रत्येक गटाचा सर्वोच्च दर वेगळा ठरवला गेला. तो ठरवताना पाऊसमान, बाजारपेठेचे अंतर, शेतीची रीत आणि मागच्या वर्षांची वसुली पाहिली जाई. इथे मात्र खणून पाहण्यासारखे काही नव्हते. या पायरीवर अधिकाऱ्याची पारख हाच निकष राहिला, आणि पुढचे सगळे वाद इथेच उभे राहिले.

१८३६–३७मध्ये इंदापूरला नवे दर तीस वर्षांसाठी लागू झाले. पुढच्या काळात पडीक जमिनी पुन्हा लागवडीखाली आल्या आणि सरकारने याचे श्रेय नव्या पद्धतीला दिले. पण सावधपणे पाहिले, तर त्या वर्षी एक नव्हे, अनेक गोष्टी बदलल्या होत्या. मोजण्याची पद्धत बदलली, दर उतरवले गेले, तीस वर्षे वाढ होणार नाही अशी हमी मिळाली आणि सर्व्हे नंबर विकण्याचा, गहाण ठेवण्याचा किंवा सोडून देण्याचा हक्क खातेदाराला मिळाला. चार गोष्टी एकाच वेळी बदलल्यावर परिणाम कोणत्या एकीचा, हे सांगता येत नाही. त्यासाठी बाकीच्या स्थिर ठेवून एकच बदलावी लागते, आणि चालत्या तालुक्यावर असा प्रयोग कोणी करत नाही.

एक गोष्ट मात्र विचारपूर्वक बाहेर ठेवली गेली होती. शेतकऱ्याने स्वतःच्या पैशाने विहीर खणली, बांध घातला, तर त्या सुधारणेवर सारा वाढवायचा नाही. १८६५च्या मुंबई मोजणी व जमाबंदी कायद्यानेही हे तत्त्व मान्य केले. यामागे साधे शहाणपण होते. आकार शेतकऱ्याच्या कष्टावर अवलंबून ठेवला, तर तो कष्टच करणार नाही. कोणता चल हिशोबात घ्यायचा याइतकाच कोणता घ्यायचा नाही, हाही निर्णय माणसे घडवतो किंवा मोडतो.

तीस वर्षे संपली आणि १८६७मध्ये इंदापूरची फेरआकारणी झाली. मधल्या काळात जग बदलले होते. १८५८ ते १८६०च्या दरम्यान लोहमार्ग पुण्याहून दिकसाळमार्गे सोलापूरपर्यंत गेला. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चालले, तिथला कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि मुंबई इलाख्यात पैसा वाहू लागला. धान्याचे भाव चढले. मातीची खोली तीस वर्षांत बदललेली नव्हती, पण सोळा आण्यांचे रुपये किती, हे भावांवरून पुन्हा ठरवले गेले आणि सारा बराच वाढला. रेल्वे कायमची होती. युद्धाची तेजी मात्र तात्पुरती होती, आणि पुढे भाव उतरले. ज्या चलाची किंमत दोन-चार वर्षांत घसरणार होती, त्याच्या आधारे तीस वर्षांचा आकडा बांधला गेला होता.

पुण्याच्या सार्वजनिक सभेने हा धोका लवकर ओळखला. १८७०मध्ये स्थापन झालेल्या या सभेने गणेश वासुदेव जोशी आणि महादेव गोविंद रानडे यांच्या काळात शेतकऱ्यांच्या स्थितीची चौकशी केली आणि वाढीव आकारणीविरुद्ध आवाज उठवला. १८७४मध्ये मुंबई सरकारने वाढीवर मर्यादा घातली. तालुक्याच्या किंवा गावांच्या गटाच्या साऱ्यात ३३ टक्के, एका गावाच्या साऱ्यात ६६ टक्के आणि एका खातेदाराच्या साऱ्यात १०० टक्क्यांपेक्षा जास्त वाढ करायची नाही. उशीर झाला होता. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात जमाव सावकारांच्या दुकानांवर चालून गेला आणि कर्जाचे रोखे जाळण्यात आले. पुणे आणि नगर जिल्ह्यांत हे लोण पसरले. जमीन गहाण ठेवण्याच्या नव्या हक्कामुळेच सावकाराला मोठे कर्ज देणे सोपे झाले होते. म्हणजे १८३६च्या सुधारणेतला एक भाग चाळीस वर्षांनी असा उलटला. या दंग्यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगातले एक सदस्य ऑकलंड कोल्विन यांनी वेगळे टिपण लिहून वाढीव साऱ्याकडेही बोट दाखवले. १८७९मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला, त्याचा रोख कर्जावर होता.

या पद्धतीत सर्वांत मोठी उणीव पावसाची होती. माती बदलत नाही म्हणून ती चांगली स्वतंत्र चल ठरली, पण पीक दरवर्षी ठरते ते पावसावर. विंगेट-गोल्डस्मिड यांनी मध्यम दर लावून, चांगल्या-वाईट वर्षांची सरासरी शेतकरी स्वतःच साधेल असे गृहीत धरले. ज्याच्या घरात चांगल्या वर्षाची शिल्लक राहत नाही, त्याला ती साधता येत नाही. १८७६–७७च्या दुष्काळाने हे फार निर्दयपणे दाखवले.

म्हणून सूट आणि तहकुबीसाठी आण्यांचा दुसरा हिशोब रुजला, पिकाच्या आणेवारीचा, ज्याला आता पैसेवारी म्हणतात. इथे प्रश्न उलटा होतो. पावसाच्या संदर्भात पीक हे अवलंबी चल आहे, पण सवलतीच्या संदर्भात तेच पीक स्वतंत्र चल बनते. पैसेवारी ५० पैशांच्या खाली गेली की टंचाई मानायची आणि महसुलात सवलत द्यायची. कोणतीही राशी जन्मतः स्वतंत्र किंवा अवलंबी नसते. कोणता प्रश्न विचारला आहे त्यावर तिची जागा ठरते, आणि प्रिंगल यांनी शोधलेले निव्वळ उत्पन्नसुद्धा योग्य प्रश्नाचे योग्य उत्तर ठरू शकते.

सातबाऱ्यावर ‘आकार’ आजही रुपये आणि पैशांत छापला जातो. रक्कम इतकी किरकोळ असते की तिच्यावरून कोणी गाव सोडत नाही. आता घरे तगतात किंवा मोडतात ती दुष्काळ जाहीर होण्या-न होण्यावर, आणि त्याचे निकष पुन्हा बदलले आहेत. केंद्र सरकारच्या २०१६च्या दुष्काळ संहितेने पावसातली तूट हा पहिला निकष केला आणि त्याच्या जोडीला पेरणीचे क्षेत्र, उपग्रहावरून मोजलेली वनस्पतींची स्थिती, मातीतला ओलावा आणि भूजल व जलसाठे यांचे निर्देशांक ठेवले. त्या आधारे महाराष्ट्राने ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी १५१ तालुके दुष्काळग्रस्त जाहीर केले. यादी तालुक्यांची होती, पाऊस मात्र महसूल मंडळागणिक आणि गावागणिक वेगळा पडलेला होता. वगळलेल्या तालुक्यांतली कोरडी गावे तक्रार घेऊन पुढे आली, आणि सरकारला त्या यादीत पुढे मंडळांची वेगळी भर घालावी लागली.